एकाच कार्डाचा कॅमेरा

अण्णा, परवा तुमच्या नातीचं, दादाच्या लेकीचं, लग्न आहे आणि फोटो मी काढणार आहे. हे वाक्य मी दोनदा खोडून लिहिलंय, तेव्हा तुम्हाला काय वाटलं असतं त्याचा विचारच नको. वहिनी गजरे-वेण्यांचं पक्कं करायला दादरला गेली आहे, तुमची नात ऑफिसातली शेवटची कामं उरकतेय, आणि मी रजा टाकून घरात बसले आहे ती कॅमेऱ्याची बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावून. भरलेली बॅटरी परत लावली म्हणून जास्त भरत नाही, एवढं मला कळतं. तरी लावते, आणि उठून उठून हिरवा दिवा लागलाय ना ते बघून येते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, एका जागी बस गं जरा, आणि स्वतः गॅलरीत येरझाऱ्या घालत राहिला असतात.

हे असं माझ्या गळ्यात पडेल असं वाटलं नव्हतं. तुमच्या नातीचं म्हणणं एकच. लग्न छोटं, जवळची माणसं तेवढी, आणि इकडे बघा, हसा, मान जरा वर, असं ओरडणारा एकही परका माणूस नको. आत्या, तूच काढ ना, म्हणाली, आणि मी हो म्हणून बसले. माझ्याकडे इतकी वर्षं जो कॅमेरा होता तो अगदी पहिल्या पायरीवरचा. दुकानदार त्याला एंट्री लेव्हल म्हणतात, म्हणजे शिकाऊ माणसाचा. त्यावर मी वाडीचा गणपती काढला, खोताच्या वाडीतली लाकडी घरं काढली, ऑफिसच्या सहली काढल्या, आणि कोणी वाईट म्हटलं नाही. पण गणपतीचा फोटो हलला तर हलला, पुढच्या वर्षी तो पुन्हा येतोच. लग्नाचं तसं आहे का? आणि त्या मेल्या कॅमेऱ्यानं तरी काय वेळ साधावी, आम्ही हॉल बघून आलो त्याच आठवड्यात त्याचं शटर गेलं. दुरुस्तीवाला म्हणाला, ताई, याचे पार्ट आता मिळत नाहीत, दुसरा घ्या.

दुसरा घ्या म्हटल्याबरोबर मला दादाचं लग्न आठवलं. तो विषय आपल्या घरात कोणी काढत नाही, म्हणून तुमच्याकडेच काढते. तुमचा स्वतःचा तो डब्यासारखा कॅमेरा होता, आमचे सगळे वाढदिवस त्यानं काढले, कधी दगा दिला नाही. पण मुलाच्या लग्नाला तो तुम्हाला कमी वाटला. तुम्ही शिपिंग ऑफिसातल्या साहेबांकडून त्यांचा परदेशी कॅमेरा मागून आणलात, लग्नाच्या आदल्या दिवशी. मी कॉलेजात होते, नुसतं त्याच्या पट्ट्याला बोट लावलं तर केवढ्यांदा ओरडलात, खेळणं आहे का ते म्हणून. अजून मला दिसतंय सगळं. तुम्ही कोट घालून घामाघूम झालेले आहात, बोहल्यासमोर गुडघा टेकून बसला आहात, अंतरपाट खाली येतोय, तुमच्या केसांत अक्षता अडकल्या आहेत, आणि तुम्ही मान न वळवता मला म्हणताय, आला, मस्त आला. कॅमेऱ्यावरचा आकडाही नीट पुढे सरकत होता. रोलचं टोक आतल्या चाकात अडकलंच नव्हतं, हे ठाकूरद्वारच्या स्टुडिओवाल्यानं सांगितल्यावर कळलं. कॅमेरा मोजत राहिला आणि फिल्म होती तिथेच राहिली. पाहुण्यांपैकी एकाकडे कॅमेरा होता, पण त्याच्या फोटोंत जेवणाच्या पंगती तेवढ्या.

स्टुडिओतून आलात ते तुम्ही थेट स्वयंपाकघराच्या दारात टेकलात. वहिनीला घरात येऊन आठवडा झाला नव्हता, ती ओट्याशी चहा करत होती, हातांवरची मेंदी अजून लाल होती. तुम्ही सांगितलंत. दादा नुसता हं म्हणाला. आई कणीक मळत होती ती मळतच राहिली. वहिनीनं कप पुढे केला आणि म्हणाली, "चहा निवतोय, अण्णा. घ्या." बस्स, एवढंच. त्यानंतर तुम्ही कॅमेऱ्याला हात लावला नाहीत, आपला डबासुद्धा कोणाला तरी देऊन टाकलात. त्या दोघांनी तुम्हाला कधी एक टोमणा मारला नाही, आणि मला वाटतं तेच तुम्हाला जड गेलं. मग तुमच्या मागून काही वर्षांनी दादाही गेला. भिंतीवर लावायला फोटो शोधायला लागलो तर ऑफिसच्या ओळखपत्रावरचा सापडला, तोच मोठा करून घेतला. तुमची नात लहान होती तेव्हा विचारायची, लग्नात बाबा कसे दिसत होते गं? मी सांगायचे, मुंडावळ्या सारख्या डोळ्यांवर येत होत्या आणि चिडला होता. ती हसायची आणि परत विचारायची.

आता दुकानातलं ऐका. फोर्टात जुन्या कॅमेऱ्यांचा एक दुकानदार आहे, त्याच्याकडे गेले. तो आधी म्हणाला, मॅडम, हे आरशावाले कॅमेरे आता कोण घेतं, नवीन प्रकारचा घ्या. मी म्हटलं, मला काचेतून खरंखुरं माणूस बघायचंय, आत बसवलेला टीव्ही नकोय. मग त्यानं काउंटरवर दोन प्रकार मांडले. एक वरच्या दर्जाचा, धंदेवाईक लोक वापरतात तो, वरवंट्यासारखा जड. त्याची खिडकी अशी लख्ख की डोळा लावला आणि वाटलं, मी इतकी वर्षं काय धुरातून बघत होते की काय. आणि त्याला दोन कार्डं लागतात. प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्हींवर उतरतो. मी त्याला विचारलं, म्हणजे एक कोरं निघालं तरी दुसऱ्यावर असणार? असणारच. नक्की? नक्की. परत विचारलं तेव्हा तो माझ्याकडे जरा संशयानं बघायला लागला. पण तो कॅमेरा घेतला तर त्याच्याबरोबर साधीच लेन्स मला झेपत होती. दुसरा प्रकार म्हणजे माझ्या जुन्याचाच धाकटा भाऊ, हलका, एकाच कार्डाचा, खिडकी बारीक आणि अंधारी. पण तो घेतला तर एक लांबची मोठी लेन्स घेता येत होती, लांबचं माणूस जवळ आणणारी आणि कमी उजेडातही चालणारी. दोन्ही चांगलं एकदम घेणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. दुकानदार म्हणाला, "बॉडी बदलत राहते मॅडम, लेन्स राहते. पण शादी का काम है तो दो कार्डवाला लो. टेन्शन नही." टेन्शन नही! मला आणखी काय हवं होतं? दोन कार्डांचा बाजूला काढून ठेवायला सांगितला आणि गिरगावापर्यंत चालत आले. कितीतरी दिवसांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

ते सुख संध्याकाळपर्यंत टिकलं. घरी कोण कुठे उभं राहणार त्याची चर्चा चालली होती. वहिनीनं सगळं आधीच ठरवून टाकलं होतं. कन्यादान तिचा भाऊ आणि भावजय करणार, आणि अंतरपाटाच्या वेळी ती स्वतः मागे, दाराजवळच्या खांबाशी उभी राहणार. तिला असं कोणीही सांगितलेलं नाही हो अण्णा. गुरुजींनी फोनवर स्वतः म्हटलं, तुम्ही एकट्या बसलात तरी चालेल. तुमची नात भांडली, रडली. वहिनीचं आपलं एकच, मी तिथे असणारच आहे की, पुढेच कशाला उभं राहायला हवं. मंगलाष्टक म्हणायलाही नाही म्हणाली. आपल्या घरात एवढा गोड गळा तिचा एकटीचा, सगळ्यांच्या लग्नांत म्हणून झाली, आणि पोटच्या मुलीच्या वेळी म्हणे आता जमत नाही. मला इतका राग आला की मी भांडी आपटत बसले. मग तिनं मला विचारलं, तू कुठे उभी राहणार? मी म्हटलं, समोर. तर म्हणाली, मग मी खांबाच्या पलीकडे होते, तुझ्या फोटोत मध्ये यायला नको.

मी उठून गॅलरीत गेले. मागोमाग तुमची नात आली. कठड्याला टेकली. मग म्हणाली, "आत्या, अंतरपाट पडेल तेव्हा माझा फोटो नको काढूस. सगळ्यांचे मोबाइल माझ्यावरच असणार आहेत. तू आईचा काढ. ती तेव्हा कशी दिसते, ते मला दिसणारच नाही ना." तो खांब मी बघितलाय, हॉलच्या पार टोकाला आहे आणि तिथे एकुलती एक ट्यूबलाइट आहे. साध्या लेन्सनं तिथली वहिनी अंगठ्याएवढी येईल आणि काळी येईल. मग ती दोन कार्डांवर उतरली काय आणि चार कार्डांवर उतरली काय.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी बाजूला ठेवलेला कॅमेरा सोडून दिला आणि हलका कॅमेरा नि ती मोठी लेन्स घेऊन आले. दुकानदारानं विचारलं, दो कार्ड नको? मी नको म्हटलं आणि पैसे मोजून दिले. तेव्हापासून जीव नुसता टांगणीला लागलाय. नवीन कार्ड आणलं, ते तपासलं, परत तपासलं. पण ऐन वेळी तेच बिघडलं तर? शुभमंगल सावधान म्हटल्यावर सगळे हात वर करून अक्षता टाकतात, नेमका कोणाचा तरी कोपर लेन्सच्या आड आला तर? उंच जावई कोणी मध्येच उभा राहिला तर? आणि नवरा-नवरीकडे पाठ करून उभी राहिलेली फोटोग्राफर बघून आपले नातेवाईक काय बोलतील ते मला आत्ताच ऐकू येतंय. बापाची गादी चालवतेय म्हणतील. म्हणोत. पण वहिनीचा फोटो नाही आला तर मी त्या पोरीला काय सांगू? तुम्ही सांगितलंत तसं दारात टेकून सांगण्याची माझी तरी हिंमत नाही. तुमची होती, हे मला आत्ता या आठवड्यात कळलं.

काल दुपारी लेन्सची परीक्षा घेतली. चाळीच्या चौकापलीकडच्या गॅलरीत गेले. वहिनी आपल्या दाराबाहेर सावलीत पाटावर बसली होती, अक्षतांसाठी तांदूळ निवडत होती, तुटका दाणा बाजूला आणि अखंड दाणा ताटात. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि दचकलेच. एवढी जवळ आली ती. एकाच घरात राहतो, एका ताटलीतली चकली खातो, पण दादा गेल्यापासून मी तिच्या तोंडाकडे असं सरळ बघितलंच नव्हतं. भांगाशी सगळं पांढरं झालंय, अण्णा. गालाची हाडं वर आली आहेत. आणि तिचे ओठ हलत होते. मला आधी वाटलं, दाणे मोजतेय. मग लक्षात आलं, ओळ संपली की मान किंचित खाली येतेय आणि बोटं थांबतायत. मंगलाष्टक म्हणत होती. माइकवर म्हणायला नाही म्हणाली होती तेच. आवाज चौक ओलांडून येत नव्हता, पण ओठांवरून मला ओळ न् ओळ कळत होती. आपल्याकडे वधूच्या बापाचं नाव त्यात गुंफतात, त्या दादाच्या नावाशी ती अडली आणि परत मागे गेली.

मी बटण दाबलं. दुपारच्या शांततेत त्याचा खटका केवढ्यांदा वाजला. तिनं वर बघितलं आणि विचारलं, "काय काढतेयस गं?" मी म्हटलं, "कबुतरं." कौलांवर एक कबूतर नव्हतं. तिनं कौलांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता उठून आत जाणार आणि परवा खांबाच्या मागेसुद्धा सापडणार नाही. ती उठली. पाट उचलला, गॅलरीत जिथे ऊन आलं होतं तिथे नेऊन ठेवला, पदर नीट केला, ताट मांडीवर घेतलं आणि मान खाली घालून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

पुढचे सगळे फोटो हलले आहेत, आणि परवाची भीती आहे तेवढीच आहे. हे पत्र टाकायला पेटी नाही, ते गादीखालीच राहील. काल संध्याकाळी वहिनीनं मला चहा दिला, मी घेतला, आणि दोघी हाराविषयी बोलत बसलो. कबुतरं नव्हती हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. तिनंही विचारलेलं नाही.