एकट्याची चूल

१४ एप्रिल १९६२
आज भाताच्या रोपांसाठी शेतात फांद्या-पाला जाळून राब भाजले. सगळी मुळशी धुरात! शेजारची धोंडाबाई ओरडली, "गुर्जी, दार लावून घ्या की!" नाही लावलं. धूर का होईना, घरात कुणीतरी आलं.

१९ एप्रिल
जयसिंगचं पत्र. चिरंजीव इंग्लंडात कोळशाच्या वीजघरात आहेत. लिहितो, "आबा, तुम्ही लोक अजून डोंगर धुरकटवताय?" — गाढव! ऐनाच्या झाडाला तोडलेल्या फांद्या पुन्हा फुटतात, धुरातला वायू पानं परत ओढून घेतात. तुझा खाणीतला कोळसा फुटतो का? कर्बद्विप्राणिल वायू ह्याला मीच शिकवला, आणि हा मला शिकवतोय!

तरी पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मे महिन्यात येतोय. कायमचा!

२ मे
पावसाळ्याचं सरपण रचलं. दोघांपुरतं. त्याला अंघोळीला कढत पाणी लागतं.

६ मे
मी जयसिंगला विचारलं होतं — तिथला एक माणूस आपल्या अख्ख्या वाडीपेक्षा जास्त का जाळतो? त्याचं उत्तर आलं. थंडी. कारखाने. मोटारी. शिवाय ज्याची त्याची खोली वेगळी, शेगडी वेगळी. "माझ्या खोलीत शेकायला मी एकटाच असतो, आबा."

धोंडाबाईला वाचून दाखवलं. खो खो हसली. "मग तुमचं काय न्यारं हाय? तुमच्या एकल्याच्या भाताला लागतंय त्याच्या वर जरासं सरपण टाकलं, की आमची नऊ मान्सं जेवत्यात. आमच्यात जेवा म्हनलं, तर मास्तरकी आडवी येतीया!"

लई राग आला. खरं बोलली म्हणूनच आला. बायको गेल्यापासून हिचं हेच पालुपद. जयसिंग येऊ दे, मग बोल म्हणावं!

२१ मे
आज यायचा होता. आला नाही.

२२ मे
आज पण नाही.

३० मे
नोकरी पक्की झाली म्हणे. तिकडेच घर घेतोय. "मोठं आहे, आबा. प्रत्येक खोलीत शेगडी." शेकणार कोण, ते लिहिलं नाही.

भात करपला. तसाच खाल्ला. रडू आलं — लिहायला लाज कसली, वाचणार कोण आहे!

४ जून
आज चूल पेटवली नाही. सगळं सरपण धोंडाबाईच्या पडवीत नेऊन रचलं. तिनं दहावं ताट मांडलं.