पडलेल्या माळवदाचा दाखला

प्रति,
मेहेरबान तहसीलदार साहेब,
तहसील कचेरी, तालुका गेवराई, जिल्हा बीड

अर्जदार : वच्छलाबाई भ्रतार राधाकिशन (मयत), धंदा तेल-मिठाचे दुकान, राहणार मौजे चकलांबा

विषय : मौजे चकलांबा येथील पाशा मिस्त्री, गवंडी, यांनी अर्जदाराच्या घराचे माळवद पडले असा खरा दाखला लिहून द्यावा, असा हुकूम होण्याबाबत.

संदर्भ : विमा कंपनीचे नामंजुरीचे पत्र व पाशा मिस्त्री यांनी दिलेला उर्दू दाखला.

महोदय,

अर्जदार बाईस लिहिता येत नाही. ती सांगते तसे गेवराईचे अर्जनवीस गहिनीनाथ यांनी लिहिले आहे. मजकुरात कोठे जीभ कडक वाटली तर ती अर्जदाराची समजावी. लिहिणाऱ्याने काही शब्द मऊ करून पाहिले, पण वाचून दाखवताच बाईंनी ते खोडायला लावले.

१. अर्जदाराचे पती राधाकिशन सरकी आणण्यासाठी जालन्यास गेले असता तेथे एका विमा कंपनीच्या गुमास्त्याने त्यांना गाठले आणि घराचा आगीचा विमा त्यांच्या गळ्यात मारला. गावाने त्यांची मनसोक्त थट्टा केली. घर जळण्याआधीच त्याचे पैसे भरणारा माणूस चकलांब्याने पाहिला नव्हता. अर्जदारानेही पुष्कळ तोंड सोडले होते, हे ती नाकारत नाही.

२. गेल्या होळीनंतर शेजारची कडब्याची गंज पेटली. ठिणग्या वाऱ्याने अर्जदाराच्या घरावर आल्या, वळचणीला आग लागली आणि तुळयांनी पेट घेतला. अर्जदाराचे पती बाहेर पडले होते. आतल्या दावणीला म्हैस राहिली म्हणून ते परत आत गेले. म्हैस बाहेर आली. मग माळवद, म्हणजे छताची सगळी पांढरी माती तुळयांसकट, खाली कोसळले आणि पती बाहेर आले नाहीत.

३. पोलीस पाटील सुग्रीव यांनी पंचनाम्यात 'आगीत सापडून मयत' एवढेच लिहिले. माळवदाचे नाव घेतले नाही. अर्जदाराने त्यांना जाब विचारला, तेव्हा त्यांचे उत्तर असे : "बाई, माझं बी घर पाशाच्याच हातचं हाय. त्येचं माळवद पडतं असं सरकारात गेलं तर आमी काय आभाळाखाली झोपावं?" निम्मे गाव पाशा मिस्त्रींच्या माळवदांखाली झोपते. त्यामुळे ज्यांनी ज्यांनी ते पडताना डोळ्यांनी पाहिले, त्यांच्यापैकी कोणालाही आता ते नीट आठवत नाही.

४. अर्जदाराने विम्याची मागणी केली तेव्हा कंपनीचे म्हणणे आले की गावकऱ्यांची तोंडी साक्ष चालणार नाही. ज्या कारागिराने घर बांधले त्याचा दाखला हवा : माळवद कसे होते, आगीने पडले काय, पुन्हा घालण्यास काय लागेल. अर्जदाराला वाटले हे तर सोपे झाले. पाशा मिस्त्री पतीचे लहानपणापासूनचे सोबती. रोज दुकानाच्या पायरीवर बसल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ते नाही कशाला म्हणतील?

ते नाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "वैनी, मागाल त्ये लिवून देतो. लाकूड लिवतो, मजुरी लिवतो, आग लागली त्ये बी लिवतो. पण पडलं म्हून कावून लिवू? माझ्या हातचं माळवद पडत न्हाई."

अर्जदाराने त्यांना हाताला धरून घरी आणले आणि मातीच्या ढिगापाशी उभे केले. ढिगाकडे बघून ते म्हणाले, "ह्ये बसलंय." आणि टोपी सारखी करून निघून गेले.

५. पुढे त्यांनी दाखला पाठवला तो सुंदर उर्दूत, सही-शिक्क्यानिशी. अर्जदाराने विश्वासाने तो कोणाकडून वाचून न घेताच कंपनीकडे रवाना केला, हा तिचा मूर्खपणा. त्याचा तर्जुमा येणेप्रमाणे : 'मी पाशा वल्द हैदर, पेशा गवंडी, लिहून देतो की राधाकिशन शेट यांच्या घराचे माळवद मी स्वतःच्या हाताने घातले. लाकूड सागाचे. माती चाळून घेतलेली. त्यास चीर नाही, गळती नाही. आग लागली हे खरे. माळवद सलामत आहे.' साहेब, ज्या माळवदाखालून अर्जदाराच्या पतीला फावड्याने माती ओढून काढावे लागले, ते सलामत आहे.

६. त्या दिवसांत अर्जदाराला तिच्या भावाने वडवणीस नेले होते. तेथून परत आली तो काय पाहते, घरावर माळवद. खांब उभे, तुळया चढलेल्या, माती चोपून गुळगुळीत. कोणी सांगितले नव्हते, कोणी एक कवडी दिली नव्हती. पाशा मिस्त्रींनी स्वतःच्या घराच्या तुळया उतरवून आणल्या आणि अर्जदाराच्या घरावर चढवल्या. आजमितीस त्यांची बायको रहेमतबी आणि लेकरे पालाखाली राहतात.

अशात कंपनीचा तपासणी करणारा माणूस आला. त्याने छडीने खांब ठोकून पाहिले आणि मान वर करून तुळया न्याहाळल्या. तुळया रहेमतबीच्या चुलीच्या धुराने वर्षानुवर्षे काळ्याभोर झालेल्या. त्याने कागदावर टिपून घेतले : 'माळवद जुने व भक्कम. पडल्याची खूण नाही.' अर्जदार ओरडून सांगत होती, ते त्याने टिपले नाही. पाशा मिस्त्री अंगणात उभे होते. त्यांना विचारले तर त्यांनी फक्त दाखल्याकडे बोट दाखवले. पुढे कंपनीचे पत्र आले की मागणी सपशेल खोटी आहे आणि पुन्हा केल्यास अर्जदारावर फौजदारी होईल.

७. म्हणजे नवरा गेला तो गेला, वर अर्जदार लबाड ठरली. दुकानावर येणारे आता तागडीकडे बघून घेतात. राधाकिशनच्या दुकानात आजवर मापात कोणी खोट काढली नव्हती. अर्जदार संतापाने पेटली आहे आणि ते ती लपवत नाही. उपकार करायचे होते तर विचारून करायचे होते. तिने माळवद मागितले नव्हते. तिने एक शब्द मागितला होता.

८. रहेमतबी पदर पसरून आली. म्हणाली, "वच्छलाबाय, आमच्या डोस्क्यावरचं काढून तुमच्यावर घातलं. आता तरी गप ऱ्हावा. त्यांनी पडलं म्हून लिवलं तर शेटचं मरन त्येंच्याच हातून झालं असं हुतंय. त्ये लई दिवस जेवलं न्हाईत." अर्जदाराने तिला आपल्या ताटातली भाकरी खाऊ घातली आणि काहीही कबूल न करता परत पाठवले.

९. यापुढचे अर्जदाराने कंपनीला कळवले नाही, पंचनाम्यात सांगितले नाही, भावालाही सांगितले नाही. आगीच्या वेळी पती म्हशीसाठी आत निघाले तेव्हा लोकांनी त्यांना धरून ठेवले होते. तेही थबकले होते. त्यांनी वर बघितले आणि मग पाशा मिस्त्रींकडे बघितले. मिस्त्री म्हणाले, "जा बे, भिऊ नको. माझ्या हातचं हाय, पडत न्हाई." पतींनी लोकांचे हात झिडकारले आणि ते आत गेले. अर्जदार हाताच्या अंतरावर उभी होती. तिने ते ऐकले, आणि तिने ऐकले हे पाशा मिस्त्रींना ठाऊक आहे.

अर्जदाराच्या पतीचा त्या माणसाच्या कामावर एवढा भरवसा होता. त्या भरवशावर ते मेले. त्याबद्दल अर्जदाराने मिस्त्रींना आजवर एका शब्दाने बोल लावलेला नाही, पुढेही लावणार नाही. ते खोटे बोलले नव्हते. त्यांना तसेच वाटत होते. पण आता ते कागदावर म्हणतात माळवद पडले नाही. तर मग राधाकिशन कशाखाली गेले, तेही त्यांनीच लिहून द्यावे.

१०. सबब विनंती की पाशा मिस्त्रींना कचेरीत बोलावून त्यांची जबानी घ्यावी. शिक्षा नको, दंड नको, शिपायाकडून धाकदपटशा नको. त्यांना बसायला जागा द्यावी आणि पाणी विचारावे. माळवद पडले एवढे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगावे आणि सही करावी. विमा मिळाला तर त्या पैशाने अर्जदार नवे लाकूड घेईल आणि त्यांच्या तुळया त्यांच्या घरी पोचवेल. माळवद पुन्हा पाशा मिस्त्रींनीच घालायचे आहे, दुसऱ्या गवंड्याला ती अंगणात उभे करणार नाही. कंपनीने पैसे नाहीच दिले तरी ही जबानी अर्जदाराला हवी आहे.

पाऊस चालू आहे. घर कोरडे आहे, असे लोक सांगतात. अर्जदार परसात कुडाच्या आडोशाला म्हशीजवळ राहते आणि जबानी होईपर्यंत त्या माळवदाखाली जाणार नाही.

हुजुरांच्या न्यायाची वाट पाहणारी,
वच्छलाबाई भ्रतार राधाकिशन
(निशाणी डाव्या हाताचा अंगठा)

लिहिणार : गहिनीनाथ, अर्जनवीस, गेवराई
माहे शहरेवर, सन १३३८ फसली

सोबत :
१. विमा कंपनीचे पत्र.
२. पंचनाम्याची नक्कल.
३. पाशा मिस्त्री यांच्या दाखल्याची नक्कल, तर्जुम्यासह.
४. स्टांपाचा कागद एक, कोरा. अर्जदाराने पाशा मिस्त्रींसाठी आणला आहे.