नानांच्या तोंडी घातलेलं वाक्य

नाना, परवा सकाळी तुम्ही बोललात. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हा हे वाचायला विचित्र वाटेल, पण माझाही अजून त्यावर विश्वास बसत नाही. नीट सांगते.

तुमची ही लेक आता जळगावला, पिंप्राळ्यात राहते. आई माझ्याकडेच असते. घरबसल्या मी एक काम करते. कंपन्या संगणकावरची नवी नवी साधनं काढतात, ती कशी वापरायची याची माहिती लिहून देतात, आणि ती माहिती साध्या माणसाला कळते का, हे मी तपासायचं. पान वाचायचं, सांगितलंय तसं करून बघायचं, अडलं तिथं शेरा मारायचा. या वेळचं साधन व्हिडिओ बनवतं, आणि त्यासाठी सूचना कशी लिहावी ते ही पानं शिकवतात. त्या सूचनेला प्रॉम्प्ट म्हणतात. आपण चार ओळी लिहायच्या, की यंत्र हलतं-बोलतं चित्र काढून देतं. कॅमेरा नाही, समोर माणूस नाही. साक्रीच्या स्टुडिओत एका फोटोसाठी गिऱ्हाइकाला अर्धा तास स्टुलावर बसवणारे तुम्ही, हे ऐकून मला वेड्यातच काढलं असतंत.

पहिली पानं वाचताना तर मला मजा वाटत होती. उजेड कुठून येतो ते लिहा, चेहरा कुणीकडे वळलाय ते लिहा, एका वेळी एकच हालचाल सांगा. अहो, हे सगळं तुम्ही गिऱ्हाइकांना ओरडून सांगायचात. मी प्रत्येक पानावर 'स्पष्ट आहे' असा शेरा देत पुढं गेले. मग ते पान आलं: जुन्या फोटोतल्या माणसाला बोलतं करा. फोटो द्या, चेहऱ्यावरचा भाव लिहा, आणि त्यानं म्हणायचं वाक्य शेवटी लिहा. हाताशी फोटो होता तो तुमचाच, भिंतीवरचा. मी लिहिलं, माणूस हळूच मान वळवतो, किंचित हसतो आणि म्हणतो, 'पोरी, चांगलं काम केलंस.' हेच का लिहिलं ते विचारू नका. तुम्ही आयुष्यात एकदाही तसं म्हणाला नाहीत, म्हणून असेल. मिनिटभरात तुम्ही मान वळवलीत, हसलात, बोललात. शब्दांत साक्रीच्या अहिराणीचा मागमूस नव्हता, आवाज कुणा परक्याचा होता, पण ओठ तुमचे होते, नाना. मी खुर्ची मागं सारून उभी राहिले आणि तशीच उभी राहिले.

उभ्या उभ्या मला आठवली ती डोंगराकडच्या गावातली म्हातारी. मी बारा वर्षांची आहे, स्टुडिओच्या मागच्या खोलीत तुमच्या शेजारी बसलेय. तेव्हा खेड्यातल्या कित्येकांचा जिवंतपणी एकही फोटो निघायचा नाही. माणूस गेलं की तुम्हाला बोलावणं यायचं. तुम्ही सायकलला कॅमेरा बांधून जायचात, भिंतीला टेकवून बसवलेल्या मयताचा फोटो काढायचात, आणि परत आल्यावर बारीक ब्रशनं त्यावर उघडे डोळे काढायचात. पण घरच्यांना विचारल्याशिवाय तुमचा ब्रश रंगात बुडायचा नाही. तुम्ही चहाला उठलात आणि मी फोटोतल्या त्या म्हातारीच्या ओठांचे कोपरे जरासे वर नेले. छान दिसत होती. तुम्ही आलात, बघितलंत आणि माझ्या हातातून ब्रश काढून घेतलात. "उघडा डोया त्यास्नी मांग्यात. हसू कोनी मांगं व्हतं?" घरच्यांनी डोळे मागितले होते, हसू नाही, एवढंच. मग नवा फोटो छापून पहिल्यापासून सगळं केलंत, आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. मला तेव्हा तुमचा फार राग आला होता.

तर परवा. पुरुषाचा आवाज ऐकून आई आतून आली, हाताला कळण्याच्या भाकरीचं पीठ. पडद्यावर तुम्ही दिसताच तिनं त्याच पिठाच्या हातानं डोक्यावर पदर घेतला. हे खरं नाही, मी लिहिते तेच ते बोलतात, असं मी घाईघाईनं सांगू लागले. तिनं दोनदा परत लावायला सांगितलं. मग खाली बसली आणि म्हणाली, "माले समजस, हाई मशीन शे. तरी बी ईचार. मनावर राग व्हता का त्यास्ना?"

तुमचा तिच्यावर राग होता का, हे एकोणीस वर्षांत तिनं कधी विचारलं नव्हतं. तुम्ही धुळ्याच्या दवाखान्यात होतात आणि घरी श्रावणातली कानबाई देवी बसायची होती. थोरल्या सुनेशिवाय भाऊबंदांसाठी देवीच्या नैवेद्याचे रोट कोण करणार, म्हणून ती रविवारी पहिल्या बसनं साक्रीला गेली. 'जा' असं तुम्हीच म्हणाला होतात. सोमवारी कानबाईचं विसर्जन करून ती परत आली, तोवर तुम्ही नव्हतात. मला वाटायचं, ते तिनं कधीच मागं टाकलंय. ती रोज तेच मनात घेऊन उठत होती आणि एका घरात राहून मला पत्ता नव्हता.

ती पडद्याकडे बघत बसली, तुमच्याकडे बघायची तशी, जरा बाजूनं. मी काय करणार होते? त्या पानावर लिहिलंच होतं, जे हवं तेवढंच लिहा. मी लिहिलं, 'मी रागावलो नव्हतो. तू गेलीस ते बरोबर केलंस.' तुम्ही ते म्हणालात, हसून. आईनं पदरानं तोंड पुसलं, पडद्याला हात जोडले आणि भाकरी टाकायला आत गेली. त्या दिवशी ती पोटभर जेवली. मी त्या पानावर शेरा दिला: सर्व पायऱ्या स्पष्ट, कुठंही अडचण आली नाही. शेरा खराच होता, तुमच्या तोंडचं वाक्य नव्हतं.

कारण त्या रविवारी दवाखान्यात तुमच्या उशाशी मी होते. दुपारपासून तुम्ही सारखे दाराकडे बघत होतात. दिवस कलला तसे म्हणालात, "मी मरी ऱ्हायनू, नि तिले कानबाई दिखस." मग भिंतीकडे तोंड फिरवलंत आणि पुन्हा बोलला नाहीत. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आज सकाळी आईनं तुमचं बोलणं परत लावायला सांगितलं, आणि मी लावलं. तिला वाचता येतं, नाना, आणि माझं टेबल तीच आवरते, म्हणून हे पत्र मी आत्ताच फाडून टाकणार आहे.