तारेवरचं गवत

बाई, समोर खोल पाणी, पाठीशी उभा कडा आणि मधे जेमतेम चार वाफे होतील एवढी माती. अशा जागी पहिला माणूस शेती करायला का थांबला असेल? मला उत्तर येत नाही. नॉर्वेतल्या एका फियॉर्डवर शाळकरी मुलांसाठी पुस्तक लिहिताना हा प्रश्न रोज छळायचा. तिथं शेतांच्या कडेला फार जुन्या थडग्यांचे मातीचे उंचवटे आहेत आणि लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यांना वळसा घालून नांगरत आले, एवढंच मी लिहू शकले.

नववीच्या वर्गात तुम्ही फळ्यावर फियॉर्ड काढता. मी उठून म्हणते, "बाई, ही तर आमची खाडी!" वर्ग हसतो, तुम्ही हसत नाही. "खाडी नदीच्या मुखाशी होते, ही दरी बर्फानं कोरलीय, मग समुद्र आत शिरला. आपल्यासारखं दिसलं की आपलंच समजून मोकळी होतेस तू." मी आठवडाभर रुसले होते. मग तुम्ही वारलात, आणि घरातल्या पहिल्या पदवीचे पेढे तुम्हाला द्यायचे राहिले.

आता मी सिंगापुरात, तोआ पायोहमधल्या एका लहानशा प्रकाशनात काम करते. पुस्तकातल्या एका फोटोत पाण्याकाठी खांबांना तारा ताणल्यात, त्यांवर काहीतरी लोंबतंय. कुणालाही न विचारता मी खाली लिहिलं, 'वाळत घातलेली मासेमारीची जाळी'. आमच्या बाबांची जाळी अशीच वाळायची ना! पुस्तक छापून शाळांत गेलं, एक प्रत त्या शेताच्या मालकिणीलाही गेली. परवा तिचं पत्र आलं. ती जाळी नव्हती, तिचं गवत होतं. पावसानं जमीन ओलीच राहते, म्हणून कापलेलं गवत तारांवर टांगून वाळवतात. गाईंचा अख्खा हिवाळा त्यावर निघतो.

पत्र दाखवल्यावर साहेब म्हणाले, "हू विल नो, लाह? नेक्स्ट प्रिंट चेंज." शेजारच्या टेबलावरची पुण्याची मैत्रीण कुजबुजली, "अगं ए, गवतापायी इथला वर्क पास घालवशील! पुढच्या महिन्यात रिन्यूअल आहे ना तुझं?" आहे. अर्जावर साहेबांचीच सही लागते, आणि धाकट्या बहिणीचं कॉलेज माझ्या पगारावर चाललंय. दोन दिवस एमआरटीत, इथल्या मेट्रोत, माझं स्टेशन निघून जात होतं. मुलं ते वाक्य पाठ करतील, परीक्षेत लिहितील, त्यांना मार्कही मिळतील.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. खरं सांगायचं तर आईलाही फोनवर यातलं काही बोलले नाही. आज जेवणाच्या सुट्टीत, साहेबांना न विचारता, सगळ्या शाळांना चूक कळवणारी मेल पाठवून दिली. खाली माझं नाव घातलं.