माशांना दिलेली नावं

रविवार, ४ ऑक्टोबर

धाकटे,

तुझ्या सासूबाईंचा, आपल्या माईंचा, गुडघा कसा आहे? अजून जिना चढताना जिन्यालाच बोल लावतात का? मेहुण्यांचा खोकला गेला, की त्यांच्यासारखाच ठाण मांडून बसलाय? तुझ्या गुंडूची पाठ कशी आहे? दिवसभर खुर्चीत वाकून बसतो, त्याला म्हणावं, मधूनमधून ऊठ जरा. त्याच्या छकुलीचा पुढचा दात आला का? आणि तू? सगळ्यांचं करताना तुझं जेवण बसून होतं, की उभ्या उभ्याच?

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून ही रोजनिशी. तूच म्हणालीस, दादा, सुचेल तसं लिही आणि पानं साठली की पाठव. तर ही पहिली पानं.

नवं घर छान आहे. तळमजला, त्यामुळे तुझ्या वहिनीला पायऱ्यांची भीती नाही. अर्धांगाच्या झटक्यात तिचा उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं असं तिन्ही एकदम गेलं, त्याला आता बरेच महिने झाले. डॉक्टर म्हणतात, बघू. मी म्हणतो, बघूच. तिची खाट बैठकीत खिडकीशी लावली आहे. समोरच्या भिंतीत काचेची मोठी टाकी बसवलेली आहे. आधीच्या भाडेकरूने ती पाण्यामाशांसकट तशीच सोडली. घरमालकीणबाई म्हणाल्या, नको असतील तर मासे कुणाला तरी देऊन टाकते. मी तुझ्या वहिनीकडे पाहिलं. तिची नजर एका माशाबरोबर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. म्हटलं, राहू द्या बाई, मासे आमचे.

जन्मभर पंखे, मिक्सर आणि मोटारी उघडल्या. शिकवलं कुणी नाही, उघडत गेलो आणि कळत गेलं. तेव्हा हवेचा पंप म्हणजे काय मोठंसं! खोलून, पुसून बसवला. मांजर गुरगुरावं तसा चालतोय. हे लिहिलेलं तुझ्या वहिनीला मोठ्याने वाचून दाखवणार आहे. पत्रांची हौस तिलाच जास्त.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

बोलण्याचे व्यायाम घेणारी बाई येऊन गेली. वयाने गुंडूएवढी, पण मला शाळेतल्यासारखी दटावते. तिचं म्हणणं, तुझ्या वहिनीच्या डोक्यात शब्द आहेत, फक्त हाताला लागत नाहीत. जवळच्या माणसांची नावं सारखी कानावर घाला म्हणाली. शेवटचं ध्येय कोणतं, तर तिने माझं नाव घ्यायचं! मी म्हटलं, अहो बाई, हिने सगळा संसार ‘अहो’वर निभावला. धडधाकट असताना नाव घेतलं नाही, ते आता घेईल होय? तुझी वहिनी अर्ध्या तोंडाने हसली. त्या हसण्यासाठी मी आणखी दहा विनोद केले असते.

मग युक्ती सुचली. माशांनाच तुमची नावं देऊन टाकली. पांढऱ्या-नारिंगी, शालीसारखे पंख ओढत सावकाश जाणाऱ्या माईसाहेब. पोट सुटलेले, खायला टाकलं की सगळ्यांत पुढे असणारे मेहुणे. हे वाचून दाखवू नकोस त्यांना. काळा, कुबड काढून चालणारा गुंडू. बारकी लाल छकुली. आणि काचेशी येऊन सारखं तोंड चालवणारी कोण, ते तुझं तूच ओळख.

प्रत्येकाकडे बोट दाखवून तुझ्या वहिनीला नावं सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं.

गुरुवार, ८ ऑक्टोबर

धाकटे, ती बोलली! दुपारी काचेकडे बघत स्पष्ट म्हणाली, “माई.” मी पेला तसाच खाली टाकला.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

आनंदाला गालबोट लागलं. सकाळी माईसाहेब गेलेल्या दिसल्या. म्हातारी मासोळी असेल. पण मेला मासा पोट वर करून तरंगतो ना? ही उभीच होती, काचेला तोंड टेकून, खाटेकडे बघत. आणि नारिंगी रंग पार उतरलेला. भिजलेल्या कागदासारखी पांढरी झाली होती. कुंडीत पुरली.

रविवार, ११ ऑक्टोबर

मासेवाल्याच्या दुकानात गेलो. बाटलीत पाणी नेलं होतं. त्याने थेंब टाकून रंग पाहिला आणि म्हणाला, काका, हे पाणी तुम्ही प्यायलात तरी चालेल. मग माझी उलटतपासणी सुरू केली. गाळणीचा स्पंज मी नळाखाली खसाखसा धुतला हे ऐकून त्याने कपाळाला हात लावला. म्हणे पाणी चांगलं ठेवणारे जंतू त्या स्पंजातच राहतात, तुम्ही त्यांचं घरदार वाहून घालवलंत. स्पंज टाकीतल्याच पाण्यात खळबळायचा, आणि सगळं पाणी एकदम कधीच बदलायचं नाही, जुनं थोडं राखायचं. हे सगळं माझ्या स्वच्छतेचं फळ तर!

दोष सापडला की मला झोप चांगली लागते. नवीन पांढरी-नारिंगी मासोळी आणली. तिचंही नाव माई. तुझ्या वहिनीने डावा हात उचलून टाटा केला.

बुधवार, १४ ऑक्टोबर

तिने पुन्हा “माई” म्हटलं, आणि उजव्या हाताची बोटं हलली. बोटं, धाकटे! व्यायामवाली बाई टाळ्या पिटत होती.

दुसरी माई मेली. तशीच उभी, तशीच पांढरी.

पाणी मी तपासलंय. स्पंज शहाण्यासारखा धुतलाय. मग झालं काय?

शनिवार, १७ ऑक्टोबर

दुरुस्तीचा माझा एकच नियम आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर दोष कशात होता ते कळत नाही. तसंच चाललंय. आधी खाणं बदललं. मग खडे बाहेर काढून त्यांवर व्हिनेगर टाकलं, चुन्याचे असले तर फेस येतो म्हणून. नाही आला. डासांचा फवारा बंद केला, तर डास मला खातायत. पाण्यात वीज उतरते की काय म्हणून टेस्टर लावला. दिवा लागला नाही. लागला असता तर बरं झालं असतं, निदान कुणाला तरी शिव्या घालता आल्या असत्या.

आज मेहुणे गेले. माशातले! काल तुझी वहिनी “भावजी” म्हणाली होती, एकदम खणखणीत. आणि आज सकाळी आधाराशिवाय उठून बसली. मी एका डोळ्याने तिच्याकडे बघत होतो आणि दुसऱ्याने जाळीने मेलेला मासा काढत होतो. आनंद आणि वैताग असे दोन्ही एकाच माणसाने एकाच वेळी कसे करायचे?

मासेवाला म्हणाला, काका, माशांना तुमचं तोंड आवडत नसेल. मी म्हटलं, ते मला पाण्यातच पाहतात. दोघंही हसलो. घरी येईपर्यंत माझं हसू गेलं होतं.

सोमवार, १९ ऑक्टोबर

घरमालकीणबाई गळका नळ बघायला आल्या. तुझ्या वहिनीला बसलेली पाहून म्हणाल्या, या खोलीचा गुणच आहे. आधीचा भाडेकरूही खाटेवरून आला होता आणि जाताना ताठ चालत गेला. मी म्हटलं, घरच्यांनी फार केलं असेल त्यांचं. बाई नळाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, आला तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. गेला तो एकटाच.

नळ अजून गळतोच आहे.

बुधवार, २१ ऑक्टोबर

सगळं बदलून झालं. पंप नवा, दिवा नवा, झाकण नवं. डोकं खाजवून खाजवून टक्कल वाढलं. बदलायची एकच गोष्ट उरली होती. हसू नकोस. नावं.

म्हणून दोन नवे मासे आणले आणि त्यांना नाव दिलंच नाही. तुझ्या वहिनीसमोर कुणाचं नाव काढलं नाही, हे वाचूनही दाखवलं नाही.

शनिवार, २४ ऑक्टोबर

एकही मासा मेला नाही. शेपट्या उडवत फिरतायत मेले.

आणि तिचा हात पुन्हा पडला. बोलणं गेलं. काचेकडे बघते, मग माझ्याकडे बघते, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतं. मी पुसतो, पुन्हा वाहतं.

मी यंत्र दुरुस्त करणारा माणूस. यंत्र चालू कशाने होतं ते कळल्यावर मी ते बंद ठेवू कसं?

मासाच तर आहे. मी नव्यांतल्या एकाकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, या बघ माई. दुसरा दाखवला, हे भावजी.

सोमवार, २६ ऑक्टोबर

ती उभी राहिली.

दुपारच्या लख्ख उजेडात, खाटेची कड धरून. “अहो,” म्हणाली. किती महिन्यांनी! “अहो, खिडकी उघडा ना.” मी खिडकी उघडली आणि बाहेर तोंड करून रडलो.

दोन्ही मासे पांढरे.

मंगळवार, २७ ऑक्टोबर

तुमच्याकडून बरेच दिवस काही कळलं नाही म्हणून गुंडूला फोन केला. आधी बरं आहे, बरं आहे म्हणाला. आवाजावरून कळलं. खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. तुला आधीच मामीचं टेन्शन म्हणून कळवलं नाही, मामा, म्हणाला.

माईंचं बोलणं गेलंय. आठ तारखेला पहिल्यांदा अडखळल्या. काल पूर्ण गेलं. उजवा हात उचलत नाही.

मेहुण्यांचा खोकला थांबला. पण उठून बसवत नाही. रंग पांढराफटक. डॉक्टरांनी हात टेकले.

मी तारखा विचारल्या. पुन्हा विचारल्या. त्याला वाटलं, मामाला ऐकू येत नाहीसं झालं.

या वहीत सगळ्या तारखा आहेत, धाकटे. माझ्याच अक्षरात.

बुधवार, २८ ऑक्टोबर

टाकी रिकामी केली. थेंब ठेवला नाही. जुनं पाणीही नाही. काळा, बारकी लाल आणि काचेशी तोंड चालवणारी — तिघं बादलीत, बादली न्हाणीघरात, दार बंद. नाव घेणार नाही त्यांचं. इथेही नाही.

ती चालत टाकीपाशी गेली. कोरड्या काचेला हात लावला. मग बोलायला लागली. माईंचा गुडघा कसा आहे. भावजींचा खोकला गेला का. गुंडूची पाठ कशी आहे — माझीच वाक्यं. पहिल्या पानावरची, त्याच क्रमाने. मी एकदाच वाचून दाखवली होती.

तिच्याच आवाजात. तिच्याच मायेने. आजवर तुम्हा सगळ्यांची विचारपूस करायची तशीच.

मी तोंडावर हात ठेवला तिच्या. पुढचं वाक्य पोरीच्या दाताचं होतं.

नंतर बादली पाहिली. काळा मासा आता काळा नाही.

गुरुवार, २९ ऑक्टोबर, सकाळ

गुंडू फोन उचलत नाही.

मासे नाल्यात सोडू? मारू? मारले तर तिकडे काय — आणि दिलेलं नाव परत कसं घ्यायचं? लाल मासोळीला मी म्हटलं, तू कुणी नाहीस, कुणी नाहीस. तुझी वहिनी दारात उभी राहून ऐकत होती.

मी पाय धरले तिचे. म्हटलं, ती पोर आहे गं, तिला सोड. आणि माझी धाकटी —

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. उजवा हात. म्हणाली, “नाही घेत हो त्यांची नावं. पण मग कुणाचं घेऊ? पुन्हा नाही मला त्या खाटेवर पडायचं.”

मलाही नको आहे ती खाटेवर.

गुरुवार, दुपार

दुकानातून एक मासा आणला. म्हातारा, एका डोळ्याने अधू. मासेवाला म्हणाला, काका, हा कशाला, हा टिकायचा नाही. म्हटलं, हाच दे.

टाकी भरली. सोडला.

तिला समोर बसवलं. माशाकडे बोट दाखवलं आणि माझं नाव सांगितलं. तिला ते आठवतच नाही. जन्मभर जिभेवर आलं नाही, तर आठवणार कुठून? पुन्हा सांगतोय. व्यायामवाल्या बाईने शिकवलं तसं. न रागावता, न घाईने. ओठांकडे बघायला लावून.

हात जड झालाय. हे तिने म्हणण्याआधीच, की भीतीने —

ही पानं शेजारीण पोस्टात टाकणार आहे. बादली तिच्याकडे दिली आहे, रोज थोडं पाणी बदलायला सांगितलंय. सगळं नाही. थोडं. तुम्ही कुणी इकडे येऊ नका. वहिनी कितीही गोड बोलावू दे. तिला तुमची नावं नका आठवू देऊ.

ती वाईट नाही गं. एवढं लक्षात ठेव. तिला बरं व्हायचं होतं, आणि मला ती बरी व्हायला —

हसतेय बघ. पूर्ण तोंडाने. दोन्ही बाजूंनी.

उत्तर लवकर लिही, धाकटे. दोनच ओळी. गुंडू उठला का, छकुलीचा दात — बस, तेवढंच. पण पाकिटावर नाव घालू नकोस माझं, नुसता पत्ता — तिने आता हाक — “अहो” नाही म्हणाली, ती माझं ना