पाचवा बिझनेस डे

पुणे, १८ मार्च २०२५

ती. सौ. अमिताताईस सा. न. वि. वि.

मी दहा वर्षांची असताना आपले नाना ऑफिसातून येऊन म्हणाले होते, "कामाचा दिवस म्हणजे, उत्तर द्यायला समोर कुणी बसलेलं असतं तो दिवस." तेव्हा मला हसू आलं होतं. तुझ्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला देऊन आज सात दिवस झाले. तू तर पाच म्हणाली होतीस. फोनवर तू हसून वेळ मारून नेतेस, म्हणून हे लिहून मेल करते. रिपोर्ट आलाय आणि तू लपवते आहेस का? आईच्या आजारपणातही तू मला दोन आठवडे काही कळू दिलं नव्हतंस.

तुझी उर्वी

इंदूर, १९ मार्च

चि. उर्वीस अनेक आशीर्वाद.

लपवलेलं काही नाही गं. पावतीवर पाच बिझनेस डेज आहेत, मीच तुला नुसते दिवस सांगितले. मंगळवारी तुकडा दिला. बुधवार, गुरुवार धरले. शुक्रवारी धुळवड. शनिवारी गेले तर शटर वर, लोक रक्त द्यायला बसलेले. मला वाटलं, चला, तिसरा दिवस. काउंटरवरची पलक म्हणाली, "आंटीजी, लॅब खुली है, पर बिझनेस डे नहीं है." तुकडा बघणारे डॉक्टर शनिवारी येत नाहीत म्हणे. मग खजराण्याच्या देवळात जाऊन बसले. गणपतीकडे ही भानगड नाही. सोमवार, मंगळवार झाले, आज पाचवा म्हणून साडी नेसून तयार झाले, आणि ह्यांनी आठवण करून दिली की आज रंगपंचमी. राजवाड्यावर गेर, रंगांची मिरवणूक, सगळं शहर बंद. तू पुण्याची झालीस, पण मी इथली असून विसरले.

गाठीला मात्र सुट्टी नसते. आंघोळ करताना हात तिकडेच जातो.

उद्या अकराला रिपोर्ट हाती देतील. एकटीच जाईन, ह्यांचा बीपी चढतो. तू धावत येऊ नकोस. लोभ आहेच, काळजी तेवढी कमी कर.

तुझी ताई

पुणे, १९ मार्च, संध्याकाळ

ती. ताईस सा. न.

उद्याच्या गाडीचं तिकीट काढलं. आजचं मिळालं नाही. शुक्रवारी सकाळी पोचते. शुक्रवारही बिझनेस डेच आहे, पलक असेल, डॉक्टर असतील. उद्या नऊ दिवस होतील. ताई, अजून एकच दिवस माझ्यासाठी थांब. तो लिफाफा तू एकटीने उघडू नयेस. तू नाहीच म्हणशील, ठाऊक आहे. तरी मागते, उद्या जाऊ नकोस.

तुझी उर्वी