नाव मागायला आलेली

प्रिय उन्नुर,

बंदरावर जिथे पूर्वी मासे खारवायचे, तिथे आता पाहुणेघर आहे. त्याच्या वरच्या खोलीत मी एकोणीस दिवस राहते आहे. खिडकीतून तुमचं घर दिसतं. छप्पर तू लाल केलंस. तुझ्या बाबांना ते पटलं नसतं, पण दुरून छान दिसतं. रोज सकाळी मी बूट घालते, चर्चपर्यंत जाते आणि परत येते. शनीच्या पलीकडे जाऊन आलेल्या बाईला चर्चपासून तुमच्या दारापर्यंतची दोनशे पावलं जमत नाहीत. हसू आलं तर हस.

मी जिवंत आहे, हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. बर्फ वाहून नेणाऱ्या एका यानाला मी मागच्या वर्षी सापडले. मुलीला मी स्वतः सांगेन, असं म्हणून अंतराळ संस्थेकडून मी तीन आठवडे मागून घेतले. तोवर त्यांनी बातमी दाबून ठेवली आहे. शुक्रवारी मुदत संपते. आज मंगळवार.

पहिल्याच दिवशी चर्चमागे तुझ्या बाबांच्या थडग्याचा दगड पाहिला. ते गेल्याचं मला तिथेच कळलं. पंधरा मिनिटं मी उभी होते, मग पाय दुखले म्हणून कुंपणावर बसले. त्यांच्या नावाखाली माझं नाव आहे. माझी जन्मतारीख बरोबर आहे. मृत्यूची तारीख एकोणीस नोव्हेंबर. इतकी नेमकी तारीख कोणी ठरवली, हे मला कळेना.

ते पोहायच्या तलावावर कळलं. गरम कुंडात पोस्टातली गुडफिन्ना बसली होती. एकवीस वर्षांपूर्वी बसायची त्याच कोपऱ्यात, फक्त आता ती कोपऱ्याएवढी झाली आहे. तिने मला ओळखलं नाही. माझे केस गेलेत, आवाज फाटलाय आणि मी शब्द शोधत बोलते. "पोलंडची का गं तू? मासळीच्या कारखान्यात?" मी हो म्हणाले. मग तिने मला आपल्याच गावाची माहिती दिली, मोठ्याने आणि तोडून तोडून, परक्याला समजावं तशी. "हळू बोलते हं मी." तेवढ्यात तुझा आवाज आला. "स्वावा! शेवटचं सांगते, बाहेर ये, नाहीतर आइसक्रीम विसर!" मी उठून उभी राहिले, उन्नुर. छातीपर्यंत पाण्याबाहेर. आणि उथळ पाण्यातून एक पाच वर्षांची मुलगी निघाली, दात वाजवत. तिने मला नीट पाहून घेतलं. "आई, ती बाई का उठली?" तू म्हणालीस, "तिला गरम झालं असेल." मग तू माझ्याकडे बघून मान हलवलीस, अनोळखी माणसाला हलवतात तशी. मी खाली बसले.

"छान नाव," मी म्हणाले. गुडफिन्नाला तेवढंच पुरलं. "आजीचं आहे. आजी वर गेली होती, आभाळात. पार पलीकडे. मग तिचं काही कळेना. ही पोर पोटात होती तेव्हा ती उन्नुरच्या स्वप्नात आली. ओले बूट घालून सरळ स्वयंपाकघरात, बाकावर बसली आणि म्हणाली, जरा सरक, मला जागा दे. पोटुशा बाईच्या स्वप्नात कोणी असं आलं तर ते नाव मागायला आलेलं असतं. आणि नाव मागायला मेलेलंच माणूस येतं, जिवंत कशाला येईल? त्याच सकाळी कळलं सगळ्यांना, स्वावा गेली. आणि गंमत सांगू? उन्नुर आईवर इतकी चिडलेली, की घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. आणि उठून म्हणते काय, मुलगी झाली तर स्वावा." मी विचारलं, ती बाई कशी होती. गुडफिन्नाने तोंडावर पाणी मारलं. "चांगली होती. घाईची. एक कप कॉफी कधी पुरता संपवला नाही तिने."

ते खरं आहे. निघाले त्या सकाळचा कपही मी अर्धाच ठेवला होता. तू अकरा वर्षांची होतीस आणि टेबलाखाली बसून माझ्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधत होतीस. मी म्हणाले, चार नाताळ, मग परत. तू बोटं दुमडून मोजलेस. चौथ्या वर्षी आम्हाला विचारलं, परत फिरायचं की पुढे जायचं. कोणी जबरदस्ती केली नाही. बाबांना मी तसं भासू दिलं, आणि त्यांनी तुला तसंच सांगितलं असणार. मी पुढे जाणार म्हणून हात वर केला, सगळ्यांत आधी. तुझा शेवटचा निरोप त्यानंतर आला. तू पंधरा वर्षांची होतीस. "तुझे सगळे स्वेटर देऊन टाकले. तिकडे थंडी वाजली तर शनीला सांग विणायला. आता कळवू नकोस." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. वाटलं, किती माझ्यासारखी बोलते. दुसऱ्यांदा ऐकायला मला एक वर्ष लागलं.

पंधराव्या वर्षी यानाची मुख्य वीज गेली. माझ्याबरोबरचे दोघे त्याच आठवड्यात गेले. त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन आले, तुझ्या घरी यायच्या आधी. ते सोपं होतं. उरलेल्या विजेवर रोज दोनदा, थोडा थोडा वेळ बोलता यायचं. पलीकडे काही पोचतं का, ते कळत नव्हतं. सांगण्यासारखं काही नसायचं, म्हणून मी आपल्या गावाचं सांगायचे, अंदाजाने. आज मेंढ्या डोंगरावरून उतरवल्या असतील. आज बंदरात बर्फ धरला असेल.

एकोणीस नोव्हेंबरला मी काय करत होते, ते मी माझ्या वहीत पाहिलं. पाण्याची नळी गळत होती, ती बांधली. वाटाणे खाल्ले. बारा वाजताची झोप नीट लागली. मी तुझ्याकडे आले होते असं लिहायचा मोह झाला, पण मी आले नव्हते. स्वप्नात जी आली ती कोण होती, मला माहीत नाही. एवढंच दिसतं, की ती आली तेव्हा तू तिला बाहेर काढलं नाहीस. सरकलीस. ज्या आईशी दहा वर्षं बोलली नाहीस, तिचं नाव पोटच्या मुलीला दिलंस. मी मेले तेव्हा तू मला घरात घेतलंस. आता जिवंत होऊन दार वाजवलं, तर ते तुझ्या हातून काढून घेतल्यासारखं होईल का, हे मला कळत नाही. म्हणून चर्चपासून परत फिरते. मी घरी यावं का, ते मी या पत्रात विचारत नाही. खोली महिनाअखेरपर्यंत घेतली आहे.

मी लिहिते आहे ते दुसऱ्या कारणासाठी. शुक्रवारी दहा वाजता माझी बातमी आणि चौकशीचा अहवाल एकदमच जाहीर होईल. तो मला आधी वाचायला दिला. त्यात एक पान आहे. माझा आवाज साडेपाच वर्षं रोज दोनदा येत होता, पण ऐकणारी अँटेना बंद होती, आणि ती बंद करायला नातेवाइकांनी लेखी संमती दिली होती, असं त्यावर आहे. खाली तारीख आहे, वीस नोव्हेंबर, आणि तुझी सही. स्वप्नानंतरची सकाळ. पत्रकार तुझ्या दारात येतील आणि मुलीसमोर विचारतील. म्हणून मी त्यांना सांगणार आहे, की ते संदेश यंत्र आपोआप पाठवत होतं, आणि ऐकणं थांबव असं मीच तुला माझ्या शेवटच्या निरोपात कळवलं होतं. दोन्ही खोटं आहे. त्या वर्षांच्या ध्वनिफिती माझ्या यानाबरोबर जळाल्या आणि वही माझ्याकडे आहे, तेव्हा तपासायला कोणाकडे काही नाही. पण तू माझ्यासारखीच आहेस, चारचौघांत उभी राहून खरं ते बोलशील. वाट बघू नकोस, हे मी तुला तू अकरा वर्षांची असतानाच सांगायला हवं होतं. ते मी आता सांगितलं असं समज. ते विचारतील तेव्हा फक्त हो म्हण. मला खोटं पाडू नकोस.

तुझीच,
आई